आधी सॅग, मग एक्झॉस्ट

प्रश्न थोडक्यात असा: ६०० सीसीची नवी स्पोर्टबाईक, चालवणाऱ्याचं वजन ८२ किलो. वळणातून निघताना थ्रॉटल दिला की गाडी बाहेर पळते, आणि ओळीने खड्डे आले की मागून दणके बसतात. आधी एक्झॉस्ट आणि ईसीयू फ्लॅश (इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलणं) करावं की सस्पेन्शन बघावं?

सस्पेन्शन. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून तुम्ही ९० किलोच्या आसपास जाता आणि कारखान्यातलं सेटिंग बहुधा त्याहून हलक्या माणसासाठी असतं. मागचा भाग जास्त बसतो, फोर्कचा कोन पसरट होतो, पुढच्या चाकावरचा भार घटतो. थ्रॉटल दिल्यावर भार आणखी मागे सरकतो आणि गाडी रेषा सोडते. अशा गाडीला आणखी पाच हॉर्सपॉवर दिले तर ती आणखी जोरात बाहेर पळेल, एवढंच.

त्याआधी टायरची हवा. गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेले असतात. हवा कमी असताना केलेलं सेटिंग फुकट जातं.

आता सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते. मागचं चाक हवेत लटकेल अशी गाडी उचला (मागच्या पॅडॉक स्टँडवर चाक लटकत नाही, तो स्विंगआर्मलाच आधार देतो). अ‍ॅक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. समजा ५६० मिमी. मग पूर्ण कपड्यांनिशी, पाय फूटपेगवर ठेवून बसा. एकाने गाडी तोलून धरायची, दुसऱ्याने मोजायचं. शेपूट खाली दाबून हळू वर येऊ द्या: ५१६. वर उचलून हळू बसू द्या: ५२४. दोन आकडे वेगळे येतात ते सील आणि लिंकेजच्या (शॉकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) घर्षणामुळे, म्हणून सरासरी घ्यायची: ५२०. सॅग ४० मिमी. रस्त्यासाठी मागे ३० ते ३५ धरा, पुढे ३५ च्या आसपास. पुढे मोजताना उलट्या फोर्कच्या चकचकीत नळीचं उघडं अंतर मोजायचं, बाकी रीत तीच.

मागच्या शॉकची लॉक रिंग सैल करून प्रीलोडची (स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाची) कॉलर स्प्रिंग दबेल अशी फिरवा. आट्यांचा पिच दीड मिमी असेल तर लिंकेजमुळे चाकापाशी एका फेऱ्याला साधारण ३ मिमी फरक पडतो, म्हणजे इथे दोन फेरे. फोर्कला दोन्ही पायांत प्रीलोडचे नट असतील तर दोन्हीकडे सारखेच फिरवा.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होते हा गैरसमज काही केल्या मरत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडीची उंची बदलते. स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का, ते माणूस उतरल्यावर कळतं: नुसत्या गाडीच्या वजनाने मागचा भाग ५ ते १० मिमी बसायला हवा. तुम्ही बसल्यावर ३३ आणि उतरल्यावर शून्य, तर स्प्रिंग मऊ आहे, कॉलर पिळून ती सुधारणार नाही. उतरल्यावरही २० मिमी बसत असेल तर उलट, स्प्रिंग कडक आहे.

दणक्यांचा संशय मला रिबाउंडवर आहे, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग आवरणाऱ्या डॅम्पिंगवर. तो जास्त आवळलेला असला की एका खड्ड्यात दबलेला शॉक दुसरा येईपर्यंत पुरता उघडतच नाही. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला प्रवास (शॉक दबायला जागा) उरत नाही आणि पाठीला वाटतं गाडी कडक आहे. मग लोक कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग आवरणारं डॅम्पिंग) सैल करतात आणि ती आणखी खाली बसते. रिबाउंडचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, क्लिक मोजून लिहून ठेवा (जोर लावलात तर सुईची बैठक खराब होते), मूळ जागी आणा आणि तिथून दोन क्लिक सैल करा. शेपूट दाबून सोडली की एकदाच वर येऊन थांबावी. झुलत राहिली तर जास्त सैल झालं. एका वेळी एकच स्क्रू, आणि रस्ता तोच. काही फोर्कमध्ये एका पायात कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतो, मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.

फोर्कच्या नळीवर झिप-टाय बांधून सुरक्षित जागी दोन-तीनदा जोरात ब्रेक मारा. १२० मिमी प्रवासाच्या फोर्कवर तो १०५ ते ११० पर्यंत सरकला तर ठीक. नळीच्या तळाशी टेकायची वाट बघू नका; बऱ्याच फोर्कचा प्रवास त्याआधीच संपतो.

आजच्या स्पोर्टबाईकचं खरं वैभव मला इथेच दिसतं. २०१५ च्या यामाहा आर१ ने सहा अक्षांचा आयएमयू (गाडीचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) आणला; अशा सेन्सरमुळे ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) गाडी किती झुकली आहे तेही कळतं. पण चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं हे काम अजून स्प्रिंग आणि तेलाचंच आहे. डुकाटी पानिगाले व्ही४ एस २०१८ मध्ये आली तेव्हा तिचं डॅम्पिंग इलेक्ट्रॉनिक होतं, तरी प्रीलोड हातानेच फिरवावा लागायचा. म्हणजे सॅग तिथेही मोजायचाच.

सगळं झाल्यावर चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत तपासा आणि लॉक रिंग परत आवळा. हेडलाइटचा झोतही बघा, मागचा भाग उचलल्यावर तो खाली पडतो.