छपरावरची वीज, माळावरचा भाडेपट्टा आणि हरित शेअर : कोल्हापूरच्या वाचकांची प्रश्नोत्तरे

जून 2025 मध्ये देशातल्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा, वायू वगळून इतर स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांवर गेला. हे उद्दिष्ट 2030 सालचं होतं. पण स्थापित क्षमता वेगळी आणि तारेतून येणारी वीज वेगळी. सूर्य मावळला की पॅनेल थांबतं, म्हणून प्रत्यक्ष निर्मितीत आजही सर्वांत मोठा हिस्सा कोळशाचाच आहे. वाचकांच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या फरकापाशी येऊन थांबतात.

प्रश्न : राजारामपुरीत स्वतःचं दुमजली घर आहे. महिन्याला साधारण 300 युनिट वीज लागते. मुदत ठेव मोडून 3 किलोवॅटचं सोलर बसवावं का? शेजारी म्हणतात, कोल्हापूरच्या पावसात त्याचा काही उपयोग नाही.

बसवा. कोल्हापुरात सावली नसलेल्या गच्चीवर एक किलोवॅटमागे वर्षाला 1,350 ते 1,450 युनिट मिळतात. मार्च ते मे दिवसाला साडेचार-पाच युनिट, जुलैत दोन किंवा त्याहूनही कमी. शेजाऱ्यांनी फक्त जुलै पाहिलेला दिसतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्यांत जमा राहतात आणि हिशेब 31 मार्चला संपतो. म्हणजे एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टला कामी येते. हे आपल्या हवामानाला चांगलं जुळतं. वर्षअखेरीला उरलेल्या युनिटांना मात्र फार कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच घेऊ नका. महिन्याच्या सरासरी युनिटांना 115 ते 120 ने भागलं की किलोवॅट मिळतात. तुमच्यासाठी अडीच ते तीन.

आता पैसे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असं एकूण 78 हजार अनुदान मिळतं. तीनच्या वर कितीही मोठा संच घेतला तरी रक्कम तीच. देशी सेलचे पॅनेल घेऊन 3 किलोवॅटचा संच 1 लाख 90 हजारांच्या आसपास बसतो असं धरलं, तर तुमचा खर्च 1 लाख 12 हजार. मात्र अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर खात्यात येतं, तोवर पूर्ण रक्कम तुमचीच गुंतलेली असते. महावितरणच्या दरात पहिल्या 100 युनिटांपेक्षा 101 ते 300 च्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट आहे. तुमची बहुतेक बचत या वरच्या टप्प्यातून होते, म्हणून साडेतीन वर्षांच्या आत पैसे वसूल व्हावेत. महिन्याला 90 युनिट जाळणाऱ्या घराला तोच काळ साडेपाच-सहा वर्षांचा आहे. जाहिरातीत सगळ्यांना एकच आकडा सांगतात, तो खरा नसतो.

कोटेशन हातात आलं की आधी जीएसटी बघा. सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावरचा कर 12 वरून 5 टक्के झाला आहे. मग पॅनेल डीसीआर, म्हणजे देशी सेलचे, आहेत का ते अनुक्रमांकासह लिहून घ्या; नाहीतर अनुदान अडकतं. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत : डीसी बाजूचा, एसी बाजूचा आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा जोडून दोन-तीन हजार वाचवले जातात आणि वळवाच्या पहिल्या गडगडाटात इन्व्हर्टर जळतो. स्ट्रक्चरसाठी गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, सिमेंटचे ठोकळे घालून पाय बसवायला सांगा. गळती सुरू झाली की वॉटरप्रूफिंगवाला सोलरवाल्याकडे बोट दाखवतो आणि सोलरवाला त्याच्याकडे. इन्व्हर्टरला दुपारचं ऊन लागणार नाही अशी जागा द्या.

आणखी एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. लाईट गेली की हा संचही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतः थांबतो. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, आणि मग वसुलीचा काळ लांबतो.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. महिन्याला 500 टन धातू वितळवतो. शेडवर सोलर टाकावं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रकल्पात ग्रुप कॅप्टिव्हचा (अनेक कारखान्यांनी मिळून मालकी घेऊन स्वतःसाठी वीज करण्याचा) हिस्सा घ्यावा? युरोपचा ग्राहक हरित विजेबद्दल विचारतोय.

आधी तुमची भूक मोजू. इंडक्शन फर्नेसला, म्हणजे विजेच्या भट्टीला, टनामागे 550 ते 650 युनिट लागतात. 500 टनांना सुमारे 3 लाख युनिट झाले. कॉम्प्रेसर, सँड प्लँट, शॉट ब्लास्ट (बारीक लोखंडी गोळ्यांच्या माऱ्याने कास्टिंग साफ करणारं यंत्र) वेगळे. एक मेगावॅट सोलर महिन्याला सरासरी सव्वा लाखाच्या आतच देतं आणि त्याला जवळपास एक लाख चौरस फूट छप्पर लागतं. शिरोलीतल्या किती शेडना ते जमेल? जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर तर चढूच नका. पॅनेल आणि स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला 12 ते 15 किलो वजन येतं, वर वाऱ्याचा उचल दाब. पत्रा बदलून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

फौंड्रीच्या छपरावरची खरी अडचण धुळीची आहे. वाळूची धूळ पाण्याने निघते. शॉट ब्लास्टच्या एक्झॉस्टमधून उडणारी लोखंडी भुकटी मात्र काचेवर बसते, पहिल्या पावसात गंजते आणि तांबूस डाग काचेत मुरतो. तो घासून जात नाही, घासला तर काचेवर चरे पडतात. म्हणून धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या तोंडापासून वाऱ्याच्या दिशेचा भाग मोकळा सोडा आणि आठ-दहा दिवसांनी सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी मारलं तर तडे जाऊ शकतात. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरा थर राहतो.

दुसरा घोटाळा बिलात दिसतो. एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे खरी आणि रिॲक्टिव्ह वीज एकत्र धरून, निघतं. सोलर आल्यावर ग्रिडकडून येणारी खरी वीज कमी होते, पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी रिॲक्टिव्ह वीज तेवढीच ग्रिडकडून येत राहते. परिणामी मीटरवरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला खऱ्या विजेचा वाटा, घसरतो आणि अपेक्षित बचतीतला मोठा तुकडा तिथेच जातो. संच सुरू करतानाच पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनेलची सेटिंग बदलून घ्या, किंवा इन्व्हर्टरकडून रिॲक्टिव्ह वीज घेण्याची सोय करा. शिवाय फर्नेस रात्री चालत असेल तर डिमांड चार्ज, म्हणजे महिन्यातल्या सर्वाधिक मागणीवरचा आकार, एक रुपयानेही कमी होणार नाही. बिलावरचे टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे, स्लॉट समोर ठेवून हिशेब मांडा. दुपारचं स्वस्त युनिट संध्याकाळच्या महाग युनिटातून वजा होईल असं धरून चालू नका.

ग्रुप कॅप्टिव्हचं गणित असं. वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पाच्या भांडवलात किमान 26 टक्के मालकी ठेवायची आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वापरायची. एका मेगावॅटला 4 कोटी खर्च आणि त्यात 30 टक्के भागभांडवल धरलं तर ते 1 कोटी 20 लाख होतं. त्याचे 26 टक्के म्हणजे सुमारे 31 लाख. म्हणून हा मार्ग हलका वाटतो, आणि 500 टनांच्या कारखान्याला तो बहुतेक वेळा योग्यही आहे. फायदा क्रॉस सबसिडी अधिभारातून, म्हणजे इतरांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी बाहेरून वीज घेणाऱ्यांवर बसणाऱ्या आकारातून, सुटण्याचा. धोका असा, की मंदीत दोन मोठ्या भागीदारांनी वीज कमी उचलली आणि 51 टक्क्यांची अट त्या वर्षी मोडली, तर अधिभार सगळ्यांवर बसतो, नियमाने वीज उचलणाऱ्या तुमच्यावरही. करारात या नुकसानीची भरपाई कोण करणार हे कलम नसेल तर सही करू नका. व्हीलिंग (वीज वाहून नेण्याचं) शुल्क, वाटेतली घट आणि बँकिंगच्या (जादा वीज ग्रिडकडे जमा ठेवण्याच्या) अटी धरून दारात पडणारा दर लेखी मागा. प्रकल्पाच्या फाटकावरचा दर ऐकून खूश होऊ नका.

आमचा सल्ला : पत्रा चांगला आहे तेवढ्या शेडवर स्वतःच्या पैशाने 200-300 किलोवॅट आणि उरलेली गरज ग्रुप कॅप्टिव्हमधून. स्वतःच्या संचावर प्राप्तिकरात 40 टक्के घसारा मिळतो. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. म्हणून संच सप्टेंबरअखेर सुरू व्हायला हवा.

युरोपचा आयात मालावरचा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. मात्र लोखंड-पोलादासाठी त्यात फक्त थेट उत्सर्जन मोजतात. खरेदी केलेल्या विजेमागचं उत्सर्जन धरत नाहीत. सोलर घेतल्याने हा कर वाचेल असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. तुमची वस्तू त्या यादीत येते का, हे आधी तिच्या सीमाशुल्क क्रमांकावरून तपासा. वाहन आणि इंजिनाचे भाग म्हणून जाणाऱ्या कास्टिंगवर तो सध्या नाही. ग्राहक विचारतोय ते बहुधा त्याच्या स्वतःच्या पुरवठा साखळीच्या अहवालासाठी, आणि तिथे हरित युनिटांचा पुरावा नक्की उपयोगी पडतो.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याचा सहवीज प्रकल्प आहे. मग उसाच्या दरात ती वीज का दिसत नाही?

एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, साखर उताऱ्यावर ठरते, विजेवर नाही. राज्याच्या 2013 च्या ऊस दर कायद्यात साखर आणि बगॅस (उसाचा चोथा), मळी, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा 75 टक्के वाटा ऊस उत्पादकाला आहे. म्हणजे बगॅसची किंमत धरली जाते. त्यापासून केलेल्या विजेचं उत्पन्न धरलं जात नाही. टनभर उसातून 280 ते 300 किलो बगॅस निघतं. सभेत विचारायचा प्रश्न हाच, की बगॅसचा भाव काय धरला? शिवाय जुन्या वीजखरेदी करारांत युनिटला 6 रुपयांच्या वर दर होता. मुदत संपल्यावर नव्या करारांत तो बराच खाली आला आणि प्रकल्पाचं कर्ज मात्र जुन्या दराच्या भरवशावर घेतलेलं होतं.

प्रश्न : कागल तालुक्यात सबस्टेशनजवळ सहा एकर माळ आहे. सोलरसाठी भाड्याने मागताहेत. द्यावी का?

माळ असेल, पाणी नसेल, तर द्यावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार, म्हणजे एकरी 50 हजार, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ हा पाया धरला आहे. त्याखाली खाजगी बोलणी करू नका. एका मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात, त्यामुळे तुमची जागा पुरेशी आहे. एकरी 45 टन ऊस देणारी बागायत जमीन मात्र या भाड्यात देऊ नये, खर्च जाऊनही ऊस पुढे राहतो. आणि शिरोळ भागातल्या कुणी हे वाचलं असेल तर 2019 आणि 2021 च्या महापुराची रेषा आधी दाखवा. पाण्याखाली जाणाऱ्या रानात सोलर उभं राहत नाही.

सातबाऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय भाडेपट्टा टिकत नाही. पट्टा नोंदणीकृतच करा, शंभर रुपयांच्या स्टँपवर नको. कंपनी बँकेकडे फक्त भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवू शकेल, जमिनीची मालकी नाही, हे वाक्य त्यात स्पष्ट हवं. मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीटचे पाय उपटून जमीन मोकळी करून देण्यासाठी अनामत रक्कम मागा. आणि नोंदणी फी, सर्व्हे फी म्हणून आधी पैसे मागणारा माणूस दारातूनच परत पाठवा. भाडं शेतकऱ्याने घ्यायचं असतं.

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे, नोकरी करतो. देशात हरित ऊर्जा एवढी वाढतेय, तर या कंपन्यांचे शेअर घ्यावेत ना?

क्षेत्र वाढणं आणि शेअरधारकाला पैसे मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हरित प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या इरेडा या सरकारी कंपनीचा शेअर नोव्हेंबर 2023 मध्ये 32 रुपयांना विकला गेला, जुलै 2024 मध्ये 300 च्या वर गेला आणि 2025 च्या सुरुवातीला त्याच्या निम्म्यापर्यंत खाली आला. या सगळ्या काळात देशातली सौर क्षमता वाढतच होती.

कारण धंद्याच्या रचनेत आहे. प्रकल्प लिलावात सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला मिळतो. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात युनिटला 1 रुपया 99 पैसे इतका दर लागला होता. तो दर 25 वर्षं बदलत नाही, खर्चातला 70-75 टक्के पैसा कर्जाचा असतो, आणि व्याज अर्धा टक्का वाढलं तरी नफा पातळ होतो. लिलाव जिंकूनही वीज विकत घेण्याचा करार होत नाही म्हणून 2025 मध्ये 40 गिगावॅटहून जास्त प्रकल्प लटकले होते. राजस्थानात तयार वीज वाहून न्यायला वाहिन्या अपुऱ्या पडतात. म्हणून कंपनीच्या अहवालात 'मिळालेली क्षमता' पाहू नका. 'करार झालेली' आणि 'सुरू झालेली' हे दोन आकडे पाहा, आणि सोबत वीज वितरण कंपन्यांकडून येणं बाकी असलेली रक्कम.

चढउतार सोसत नसेल तर सरकारी हरित रोखे आहेत. जानेवारी 2023 मध्ये पहिल्यांदा 10 वर्षांचे रोखे 7.29 टक्क्यांना निघाले. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून 10 हजारांपासून घेता येतात. व्याज साध्या सरकारी रोख्यांइतकंच, सुरक्षितताही तेवढीच.

प्रश्न : 'एक लाख भरा, तुमच्या नावाची सोलर प्लेट आम्ही चालवू, दरमहा 5 टक्के देऊ' अशी योजना गावात आली आहे. पहिले तीन हप्ते लोकांना मिळालेत.

एक किलोवॅट वर्षाला 1,400 युनिट देतं. मोठ्या प्रकल्पात युनिटला 3 रुपये मिळाले तर उत्पन्न 4,200 रुपये, आणि त्या किलोवॅटचा खर्च 40 हजारांच्या पुढे. देखभाल न धरता वर्षाला दहा टक्केच झाले. दरमहा 5 म्हणजे वर्षाला 60 टक्के कुठल्याही सूर्यातून येत नाहीत. लोकांना मिळालेला हप्ता नंतर आलेल्या माणसाच्या पैशातला आहे.

अनियंत्रित ठेव योजनांवर 2019 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि राज्यात 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. पैसे भरले असतील तर पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि एजंटाचे नाव-पत्ता जपून ठेवा, नवीन पैसे थांबवा, आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. हप्ते सुरू असतानाच तक्रार केली तर कंपनीची खाती आणि मालमत्ता गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हप्ते थांबेपर्यंत बहुतेक वेळा पैसे दुसरीकडे वळवलेले असतात.