गाणं साक्षीला उभं करू नकोस

पोरी,

खानदेशातल्या भिल्लांच्या बंडांवरच्या तुझ्या माहितीपटाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण मांडणीत खोट आहे, ती शूटिंगला निघण्याआधीच सांगतो. प्रत्येक प्रसंगात आधी १८८० च्या खानदेश गॅझेटियरचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या माहितीग्रंथाचं पान, वर निवेदन आणि मग ‘याचीच साक्ष देणारं लोकगीत’. म्हणजे इतिहास साहेबाने लिहायचा आणि म्हातारीने त्यावर मान डोलवायची. एवढ्यासाठी सातपुड्यात कशाला जायचं?

१८१८ मध्ये थाळनेरला इंग्रजांनी किल्लेदाराला फाशी दिलं, हे कागदावर आहे. ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची भिल्ल-इंग्रज लढाईही आहे. गाण्याला या तारखांशी देणंघेणं नसतं. ते लग्नात, होळीत, कुणी मेल्यावर गायलं जातं आणि दर वेळी थोडं बदलतं. तू पाड्यावर जाऊन भिल्लांच्या बंडाचे पुढारी म्हणून ‘खाज्या नाईकांचं गाणं येतं का?’ असं विचारलंस, तर पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते रचून देईल. तेही जरूर चित्रित कर, रचणाऱ्याचं कसब बघण्यासारखं असतं. फक्त ते दीडशे वर्षं जुनं आहे असं पडद्यावर लिहू नकोस.

दुसरं, सगळा भिल्ल समाज एका बाजूला आणि इंग्रज दुसऱ्या बाजूला, अशी सरळ गोष्ट तुला इथे मिळणार नाही. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, ती भिल्लांनाच भरती करून आणि भिल्लांचीच बंडं मोडण्यासाठी. खाज्या नाईकही आधी सरकारच्या वतीने सेंधव्याच्या घाटाची राखण करत होते, बंडात उतरले ते नंतर. एखाद्या घरात पणजोबा पलटणीत असल्याचा अभिमान निघाला तर कॅमेरा बंद करू नकोस, आणि प्रश्न विचारून त्या माणसाला लाजवूही नकोस. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. तिथे ट्रकवाल्यांशी बोल. औट्रम कोण, हे त्यांना ठाऊक नसेल, आणि मला तुझ्या माहितीपटात तेच बघायचं आहे.

गाणी शोधताना विषय धरून शोधू नकोस, प्रसंग धर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गातात. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा रात्रभर गाणी चालतात. पश्चिमेला डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकवाद्य वाजतं. काठी गावची होळी पहाटे पेटते, पण तिथे आता माणसांपेक्षा मोबाइल जास्त. त्या रात्रीपेक्षा आधीचे दिवस गाठ. बावा आणि बुध्या, म्हणजे होळीला सोंग घेऊन नाचणारे, व्रत पाळत असतात, कुणी घुंगरू ओवत बसलेला असतो. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. दळण कधीच चक्कीवर गेलं. कॅमेऱ्यासाठी आजीला जात्यापुढे बसवलंस तर हात एकीकडे चालेल, आवाज दुसरीकडे. लग्नघरी हळद दळताना अजून जातं फिरतं, तेव्हा जा.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आराखड्यात कॅमेऱ्याला दोन पानं आहेत आणि ध्वनीला एक ओळ. सातपुड्यातला मोठा ढोल कॉलरमाइकने धरता येत नाही, पहिल्याच थापेला आवाज फाटतो. स्टीरिओ माइकची जोडी रिंगणाच्या बाहेर, डोक्याच्या वर लाव. पातळी कमी ठेव, उणे बारा डेसिबलच्या वर शिखरं जाऊ देऊ नकोस, आणि चोवीस बिटवर रेकॉर्ड कर म्हणजे हळू आवाज नंतर उचलता येतो. वाऱ्यासाठी केसाळ आवरण हवंच. गाणं संपल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करू नकोस. ‘ही ओळ चुकली’, ‘माझी माय अशी म्हणायची’ हे बोलणं तेव्हाच होतं. परंपरा कशी चालते, ते तिथे ऐकू येतं. निवेदनाची निम्मी पानं त्याने वाचतील.

कुणीतरी तुला विचारेलच, ‘हाई तुले कसाले जोयजे?’ (हे तुला कशाला हवं?) त्याचं उत्तर आधी तयार ठेव, आणि ते अनुदानाच्या अर्जातलं नको. गाणाऱ्याला मानधन दे, श्रेयनामावलीत त्याचं नाव त्याने सांगितलेल्या रूपात घाल. अहिराणीचं प्रमाण मराठीत डबिंग करू नकोस, उपशीर्षकं पुरतात. पावरी बोलीतल्या गाण्यांचं भाषांतर त्या पाड्यावरच्याच माणसाकडून करून घे. धुळ्यातल्या भाषांतरकाराला शब्द कळतील, पण कुणाला उद्देशून टोमणा मारलाय ते कळणार नाही. कच्चं संकलन झालं की आधी तिथेच दाखव. ‘हे काढ’ म्हणाले तर काढ. हुज्जत घालायची असेल तर माझ्याशी घाल.

संग्रहालयातले कागद, नकाशे, जुने फोटो मी म्हणेपर्यंत संकलनाच्या टेबलावर आणू नकोस. पहिल्या आठवड्याचं काम झालं की मला फक्त ध्वनीच्या फायली पाठव, चित्र नको. कोण गातंय आणि कुणासाठी, हे नुसतं ऐकून मला कळलं तर पुढच्या खर्चाचं बोलू.

तुझा,
काका