बारा नर करडांतून पैदाशीचे दोन बोकड कसे निवडावेत?

कळपात यंदा बारा नर करडं आहेत आणि त्यांतली दोनच पैदाशीला ठेवायची आहेत, असं तुम्ही विचारलंय. पहिली गोष्ट, निवड होईपर्यंत एकही नर विकू नका. बहुतेक कळप इथेच बिघडतात. झपाट्याने वाढणाऱ्या बोकडालाच गिऱ्हाईक आधी हात घालतं, आणि मागे उरलेला खुरटा नर शेळ्या भरतो. दोन-तीन पिढ्यांत सगळीच करडं बारकी निपजतात.

सुरुवात आईपासून करा. जिने सलग दोन-तीन वेतांत जुळी दिली आणि दोन्ही स्वतःच्या दुधावर जगवली, जिची कास दूध काढल्यावर मऊ पडते, तिचा नर धरा. त्याच्या लेकींच्या दुधात त्याचाही निम्मा वाटा असतो.

जन्मल्या दिवशी आणि ९० दिवसांनी वजन करा. एकुलत्याची जुळ्याशी सरळ तुलना मात्र करू नका. समजा, एकुलतं २.६ किलोचं ११.६ किलो झालं, म्हणजे रोज १०० ग्रॅम. जुळ्यातलं २ किलोवरून १०.१ वर गेलं, म्हणजे रोज ९० ग्रॅम. दूध वाटून पिऊनही ९० ग्रॅम वाढलेलं करडू मी आधी धरेन.

मग अंडकोष हातात घेऊन बघा. दोन्ही खाली उतरलेले, सारखे, घट्ट हवेत, गाठ लागता कामा नये. एकच उतरला असेल तर बोकड कितीही देखणा असो, बाद; हा दोष वंशात उतरतो. ओठ उचलून पाहा, खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकायला हवेत. नरालाही सड असतात, ते दोनच हवेत. पाय सरळ, खूर जुळलेले.

शेळ्या जन्मतः बिनशिंगी असतील तर बोकड शिंगांचाच ठेवा. दोघंही बिनशिंगी असली की काही मादी करडं अर्धवट नर-मादी अशी, वांझ निपजतात.

तीन महिने झाले की नर वेगळे बांधा, चौथ्या महिन्यात ते आई-बहिणींनाही गाभण करू शकतात. तेव्हा चार ठेवा, बाकीचे खच्ची करा. नवव्या महिन्यात पुन्हा तोलून चारांतले दोन ठेवा. दीड वर्षाचे होईपर्यंत त्यांना मोजक्याच शेळ्या दाखवा. पुढे एका बोकडाला २५ ते ३० चालतात. आणि त्याच्या लेकी भरवायच्या वयाच्या झाल्या की बोकड बदला.