आठ दिवसांनंतरचा फोटो

प्रिय डॉक्टर,

(दवाखान्यावर पाटी लागली, आता असंच म्हणायला हवं.)

तू कंपोझिटनं, म्हणजे दाताच्या रंगाच्या मसाल्यानं, भरलेल्या दाताचे दोन्ही फोटो पाहिले. काम संपल्यासंपल्या काढलेल्या पहिल्यात जोड शोधून सापडत नाही. आठ दिवसांनंतरच्या दुसऱ्यात भरलेला कोपरा खडूसारखा उठून दिसतोय. 'सर, कंपोझिटचा रंग बदलला का?' असं विचारलंयस. नाही गं, रंग दाताचा बदलला. म्हणजे तो मूळ रंगावर परत आला.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावला की काही मिनिटांत दात वाळतो आणि पांढरट दिसायला लागतो. लाळेत भिजून पूर्ववत व्हायला त्याला एखादा दिवस तरी लागतो. तू डॅम लावल्यावर शेड घेतलीस, म्हणजे रंगाची छटा जुळवलीस, तीही वाळलेल्या दाताची. यापुढे पेशंट खुर्चीत बसला की आधी शेड, भूल आणि डॅम नंतर. खुर्चीवरचा दिवा बंद कर, लिपस्टिक असली तर पुसायला सांग. शेड गाइडवर, छटांच्या नमुन्यांच्या पट्टीवर, एकट्यावर विसंबू नकोस. जे कंपोझिट वापरणार त्याचाच मुगाएवढा गोळा, चिकटवणारं अ‍ॅसिड-बाँडिंग न लावता, दातावर ठेव, लाइट मारून कडक कर आणि मग बघ. कडक होताना काही कंपोझिटचा रंग सरकतो. बघून झालं की तो गोळा प्रोबनं टचकन निघतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला खटकली. दात शेजारच्यापेक्षा रुंद दिसतोय. कॅलिपर लावलास तर दोन्ही सारखे भरतील, पण बघणाऱ्याला दिसतो तो दोन लाइन अँगलच्या (दाताची पुढची बाजू कडेला वळते त्या उभ्या कडांच्या) मधला चकाकणारा भाग. तुझ्या बाजूचा लाइन अँगल बाहेर सरकलाय. साधी शिसपेन्सिल घे, शेजारच्या दातावर त्या दोन रेघा ओढ, तेवढ्याच अंतरावर तुझ्या दातावर. मग घासायची डिस्क फक्त रेघेबाहेर फिरव.

आता माझं ऐक. 1994 साली लग्न ठरलेल्या एका मुलीचा समोरचा तुटलेला कोपरा मी भरून दिला. आरपार एकाच पारदर्शक एनॅमल (दाताचं बाहेरचं कवच) शेडनं, कारण हातात धरल्यावर ती फार सुंदर दिसत होती! आत डेंटिनसारखा (कवचाखालच्या भागासारखा) अपारदर्शक थर दिलाच नाही. मग मागचा तोंडातला अंधार पुढे झिरपला. महिन्याभरानं ती अल्बम घेऊन आली. प्रत्येक फोटोत तो कोपरा करडा. सासरी कुणीतरी विचारलं होतं, दात किडलाय का म्हणून. ती रागावलीसुद्धा नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. काम पुन्हा करून दिलं आणि एक फोटो मागून घेतला. अजून टेबलाच्या खणात आहे.

तुझ्या पेशंटचं सगळं उखडू नकोस. टाळूकडची भिंत चांगली बसलीये. बोलावून घे, आधी शेड घे, पुढून पातळ थर काढ, पृष्ठभाग खरखरीत करून बाँडिंग लाव आणि तेवढाच नव्यानं चढव. पैसे घेऊ नकोस.

आणि तिसरा फोटो मला त्याच दिवशी पाठवू नकोस.

तुझा,
सर