जुन्या मारुती ८०० च्या मागच्या चाकाचा ब्रेक ब्लीडिंग निपल गंजून बसलाय, मोडू न देता कसा काढावा?

घाई करू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. निपल, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, आतून पोकळ असतो, त्यामुळे जोर लावला की पीळ बसून मान तुटते आणि अर्धा तुकडा आत राहतो.

आधी तारेच्या ब्रशने भोवतीचा गंज काढा. मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा मारा. हे तेल ब्रेकच्या आतल्या रबरी सीलना आणि लायनरला (ड्रमवर घासून गाडी थांबवणाऱ्या थराला) लागता कामा नये, म्हणून फवारा बेतानेच.

मग निपलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने सरळ, हलके दहा-पंधरा ठोके द्या. आट्यांमधला गंज खरा फुटतो तो या ठोक्यांनीच. पाना सहा कोनी सॉकेटच घ्या. फिक्स पान्याने कडा गोल होतात. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग उलट, असं डोलवत न्या. जरा हलला की थांबून परत तेल द्या.

कडा गोल झाल्याच असतील, तर भोकात नेमका बसणारा ड्रिल बिट घालून मगच व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरा, म्हणजे निपल चेपणार नाही.

गॅसची ज्योत शक्यतो टाळा. ब्रेक ऑइल पेट घेतं आणि सील जळतात.

एवढं करूनही हलला नाही, तर मी अख्खा व्हील सिलिंडरच, म्हणजे निपल ज्यात बसतो तो चाकातला ब्रेकचा भाग, बदलतो. गंजलेल्या सिलिंडरचा भरवसा तसाही नसतो. नवा निपल बसवल्यावर रबरी टोपी मात्र विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं.