किरिबाती लिहायचं आणि किरिबास म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या प्रश्नमंजूषेत पॅसिफिक महासागरातल्या एका देशाचं नाव तिने 'किरिबास' असं सांगितलं. परीक्षकांनी 'किरिबाती' हवं होतं म्हणून गुण दिला नाही. पेपरात मी कधी किरिबाती, कधी किरिबाटी वाचलं आहे. मराठीत नेमकं काय लिहावं? तिथल्या माणसाला काय म्हणायचं? त्यांचा प्रमुख राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष? आणि तिथल्या बेटांना 'कंकणद्वीप' म्हणतात ते योग्य आहे का?"

तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, हे सगळ्यात आधी तिला सांगा. त्या देशाच्या नावाचा उच्चार 'किरिबास' असाच आहे. तिथली माणसं तसंच म्हणतात आणि इंग्रजी कोशांतही तोच उच्चार दिलेला असतो. परीक्षकांच्या कागदावर बहुधा रोमन स्पेलिंग अक्षराला अक्षर लावून देवनागरीत उतरवलेलं होतं आणि त्यात मुलीचा गुण गेला.

मग स्पेलिंगमध्ये शेवटी 'टी' आणि 'आय' का? किरिबासची भाषा रोमन लिपीत लिहितात, पण तिची वर्णमाला अवघ्या 13 अक्षरांची आहे: पाच स्वर आणि आठ व्यंजनं. त्यात 'एस' नाही. 'स' कानाला ऐकू येतो, पण त्या भाषेत तो वेगळा वर्ण नाही. 'त'च्या पुढे 'इ' आली की बोलणाऱ्याची जीभ आपोआप 'स'कडे वळते. बोलणाऱ्याला हे ठाऊकच असतं, त्यामुळे वेगळं अक्षर लागत नाही. शब्दाच्या शेवटी तर ती 'इ' जवळजवळ गिळलीच जाते आणि नुसता 'स' उरतो. ही लेखनपद्धती बसवली ती धाकटे हायरम बिंगहॅम या अमेरिकन मिशनऱ्याने. ते 1857 साली अबाइआंग बेटावर आले आणि पुढे त्यांनी सगळं बायबल त्या भाषेत उतरवलं. त्यांच्या टाइपरायटरची 'एस'ची कळ मोडली होती म्हणून असं झालं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती खरी मानू नका. 1857 मध्ये बाजारात टाइपरायटरच नव्हता.

हे आपल्याला विचित्र वाटू नये, कारण आपण मराठीत दिवसभर हेच करतो. 'माझा' आणि 'माझी' हे दोन शब्द जरा मोठ्याने म्हणा. अक्षर एकच, 'झ'. पण 'माझा'मध्ये जीभ दातांच्या मागे लागते आणि 'माझी'मध्ये टाळूला. ही करामत पुढच्या 'ई'ची. 'माझं' म्हणताना पुन्हा दात, 'माझे' आणि 'माझ्या' म्हणताना पुन्हा टाळू. आपल्याला हे कुणी शाळेत शिकवलेलं नसतं आणि लिहिताना आपण अक्षर बदलतही नाही. मराठी शिकणारा परका माणूस मात्र 'माझा'तला 'झ' टाळूवरून काढतो आणि आपल्या चटकन लक्षात येतं. 'किरिबाती' म्हणणारा माणूस तिथल्या लोकांच्या कानाला असाच वाटत असणार. दुसरं उदाहरण तर अगदी 'स'चंच आहे: म्हैस, पण म्हशी. इथेही 'ई'ने 'स'ला ओढून 'श' केला आहे. फरक इतकाच की इथे आपण बदल लिहून दाखवतो आणि 'माझी'मध्ये दाखवत नाही. बिंगहॅमनी सगळीकडे 'माझी'ची रीत धरली, एवढंच.

आता मूळ नावाकडे जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे. 'किरिबास' हा शब्द त्या मातीतला नव्हे. 1788 साली थॉमस गिल्बर्ट नावाचा इंग्रज कप्तान तिथून जहाज घेऊन गेला. त्याच्यावरून या बेटांना 'गिल्बर्ट्स' म्हणू लागले. 1892 मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण आलं, 1916 मध्ये शेजारच्या एलिस बेटांसह ही वसाहत झाली. तिथल्या भाषेत 'ग' नाही, 'ल' नाही, आणि 'ल्ब' किंवा 'र्ट्स'सारखी जोडाक्षरं तर जिभेला झेपतच नाहीत. मग 'ग'चा 'क' झाला, 'ल'चा 'र' झाला, जोडाक्षर फोडायला मध्ये 'इ' आली आणि शेवटच्या 'ट्स'चा 'स' उरला. गिल्बर्ट्सचं किरिबास झालं. 'रिक्रूट'चा आपण 'रंगरूट' केला, 'लॉर्ड'चा 'लाट' केला, 'हॉस्पिटल'चं 'इस्पितळ' केलं, त्याच जातीची ही घडण आहे.

त्या बेटांना स्वतःचं जुनं नाव आहे: तुंगारू. 12 जुलै 1979 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा ते घेता आलं असतं. पण तुंगारू म्हणजे फक्त गिल्बर्ट बेटं. नव्या देशात पूर्वेची फिनिक्स आणि लाइन ही बेटंही होती, म्हणून 'किरिबास' ठेवलं. शेजारच्या एलिस बेटांनी वेगळा रस्ता धरला. ती वसाहतीतून आधीच बाहेर पडली होती आणि 1978 साली स्वतंत्र होताना त्यांनी 'तुवालू' हे आपल्या भाषेतलं नाव घेतलं. त्यात 'आठ' हा आकडा आहे, पूर्वापार वस्तीच्या आठ बेटांचा. दोन्ही निवडी मला सारख्याच आवडतात. कप्तानाचं नाव आपल्या जिभेवर घोळवून इतकं बदलायचं की त्यात कप्तान ओळखू येऊ नये, हेही नाव आपलंसं करणंच आहे.

मराठी लेखनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: 'किरिबास' लिहावं, दोन्ही 'इ' ऱ्हस्व. देवनागरी ही उच्चार लिहायची लिपी आहे. रोमन अक्षरांच्या मागे लपलेला उच्चार आपल्याला सरळ लिहिता येतो, तर परक्या स्पेलिंगचा आडपडदा आपण कशाला ठेवायचा? यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पॅरिसचे लोक 'पारी' म्हणतात, तरी आपण 'पॅरिस'च म्हणतो ना? म्हणतो, कारण ते नाव आपल्या तोंडी पिढ्यान्पिढ्या बसलं आहे. 'किरिबाती' तसं बसलेलं नाही. ते फक्त नकाशातून आणि बातम्यांतून अधूनमधून डोळ्यांसमोर येतं. अजून ओलं आहे, सुधारता येईल. 'किरिबाटी' तर मुळीच नको. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र धोका पत्करू नका. तिथे पहिल्यांदा 'किरिबास, म्हणजेच किरिबाती' असं लिहा.

चालवायलाही हे रूप सोपं आहे. जपानचा, जपानात, तसं किरिबासचा, किरिबासात. 'किरिबाती' ईकारान्त असल्यामुळे ते स्त्रीलिंगी वाटतं आणि लिहिणारा अडखळतो.

तिथल्या माणसाला त्यांच्या भाषेत 'इ-किरिबास' म्हणतात. ही सुरुवातीची 'इ' म्हणजे आपला 'कर' समजा. आपण गावाच्या मागे 'कर' लावून मालवणकर, सातारकर करतो. ते ठिकाणाच्या नावाआधी 'इ' लावतात. गोऱ्या परदेशी माणसाला ते 'इ-मातांग' म्हणतात, त्यातही हीच 'इ'. काही बातम्यांत 'आय-किरिबाती' छापलेलं मी पाहिलं आहे. ती इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचल्यामुळे झालेली चूक. मराठी वाक्यात मी 'किरिबासी माणूस', 'किरिबासी भाषा' असं लिहीन. भारताचा भारतीय होतो, जपानचा जपानी. तसा हा किरिबासी. ऐकायला 'निवासी'सारखं घरगुती वाटतं, हा वरचा लाभ.

प्रमुखाबद्दल: राष्ट्राध्यक्ष. 'राष्ट्रपती' म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात दिल्लीचे राष्ट्रपती येतात, म्हणजे कारभार पंतप्रधानांकडे आणि मान राष्ट्रपतींकडे. किरिबासात पंतप्रधान नाही. देशाचा प्रमुख आणि सरकारचा प्रमुख एकच. निवडण्याची पद्धतही त्यांची स्वतःची आहे. आधी संसदेची निवडणूक होते. मग निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच तीन किंवा चार उमेदवार ठरवतात आणि त्यांच्यातून एकाला सगळा देश मत देऊन निवडतो. एका माणसाला जास्तीत जास्त तीनदा. संसदेने अविश्वास दाखवला तर राष्ट्राध्यक्ष जातो, पण संसदही विसर्जित होते. 2003 मध्ये तसं घडलंही. या पदाचं किरिबासी नाव स्पेलिंगप्रमाणे 'बेरेतितेन्ती' आहे. आता वरचा नियम लावा: 'ति'मधल्या 'त'चा 'स' करा आणि शेवटची 'इ' गिळा. बेरेसितेन्स! इंग्रजी 'प्रेसिडेंट' त्यातून बाहेर येतो की नाही पाहा. त्यांचा 'ब' आपल्या 'ब' आणि 'प' यांच्या मधला आहे, त्यामुळे ऐकताना तर शंकाच उरत नाही. 2003 च्या त्या ठरावात पायउतार झालेल्यांचं आडनाव इंग्रजी बातम्यांत 'टिटो' असं वाचलं जातं. घरी ते 'सीतो' आहेत.

संसदेचं नाव 'मनेआबा नि माउंगाताबू'. यातला 'मनेआबा' हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रत्येक गावात एक मोठं छप्पर असतं, केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांनी शाकारलेलं, बाजू उघड्या. छपराची वळचण इतकी खाली उतरलेली असते की आत जाताना वाकावंच लागतं. आत कोणत्या घराण्याने कुठे बसायचं ती जागा ठरलेली असते. बोलण्याचा पहिला मान म्हाताऱ्यांचा. याला 'चावडी' म्हणावं का? जवळ जातो शब्द, पण आपल्या चावडीला सारा, दप्तर आणि पाटील-कुलकर्ण्यांचा वास आहे. मनेआबात निवाडा होतो, तसंच जेवण, नाच, पाहुण्यांची झोपायची सोयही होते. म्हणून मी 'मनेआबा' तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गावाचं सभाघर' एवढं सांगेन.

या संसदेत एक जागा देशाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. देशातल्याच बनाबा बेटावर फॉस्फेट सापडलं आणि 1900 पासून 1979 पर्यंत ते खणून नेलं. 1945 च्या डिसेंबरात ब्रिटिशांनी तिथल्या लोकांना फिजीतल्या एका बेटावर हलवलं. त्यांच्या वंशजांचा प्रतिनिधी आजही तरावा या राजधानीच्या बेटावरच्या संसदेत बसतो. नकाशात त्या फिजीतल्या बेटाचं नाव 'राबी' दिसेल. तेही फसवं स्पेलिंग! फिजीच्या भाषेत 'बी' हे अक्षर 'म्ब' असं वाचतात, म्हणून ते 'राम्बी'.

राहिलं कंकणद्वीप. शब्द उत्तम आहे, बिनदिक्कत वापरा. देशात 33 बेटं. बनाबा हे उंच उचललेलं एकच प्रवाळबेट, बाकी 32 कंकणद्वीपं. बुडालेल्या ज्वालामुखीच्या काठाकाठाने प्रवाळ वाढत वर येतो, डोंगर खाली खचत जातो आणि शेवटी मधे पाणी आणि भोवती जमिनीचं तुटक कडं उरतं. हातातल्या बांगडीसारखं. सगळी जमीन मिळून 811 चौरस किलोमीटर, तीही समुद्रापासून बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटरच वर. आणि या जमिनीभोवती त्यांच्या हक्काचा समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून जास्त. दक्षिण तरावा या राजधानीच्या पट्ट्यात देशाची निम्म्याहून अधिक माणसं राहतात. एका बाजूला उघडा महासागर, दुसऱ्या बाजूला कड्याच्या आतलं शांत पाणी, आणि मधे काही ठिकाणी काही पावलांत ओलांडावी एवढीच जमीन.

कंकणद्वीपाला इंग्रजीत 'ॲटॉल' म्हणतात, पण हा शब्दही इंग्रजांच्या घरचा समजू नका. तो मालदीवच्या दिवेही भाषेतला, 'अतोळु'. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर हीच भाषा बोलतात. म्हणजे शब्द आपल्याच समुद्रातून निघून जगभर गेला. आणि त्यात 'ळ'सुद्धा आहे, याचा मला फार आनंद होतो.

कड्याच्या आतल्या पाण्याला भूगोलाच्या पुस्तकात 'खाजण' म्हणतात. तिथे मात्र माझं मन घेत नाही. कोकणात, गोव्यात खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, चिखलाची जमीन. बांध घालून भात करतात ती. तरावाचं आतलं पाणी निळंहिरवं, होड्या चालतील असं. 'खाजण' वाचून कोकणातलं मूल भलतंच चित्र डोळ्यांसमोर आणेल. 'कड्याच्या आतलं पाणी' असं सरळ लिहिलेलं बरं.

परीक्षकांना भेटायला गेलात तर वाद घालू नका. कागदावर एकच शब्द लिहून न्या: किरितिमाती. लाइन बेटांतलं हे कंकणद्वीप देशाच्या निम्म्या जमिनीएवढं आहे. 1995 च्या सुरुवातीला किरिबासने वाररेषा पूर्वेकडे सरकवली, तेव्हापासून जगात नवा दिवस इथल्या बेटांवर सगळ्यात आधी लागतो. 1777 साली कॅप्टन कुक तिथे पोचला तो 24 डिसेंबरला. आता मुलीला सांगा, प्रत्येक 'ति'च्या जागी 'स' ठेवून तो शब्द परीक्षकांना वाचून दाखव. किरिस्मास.