ऑटोक्रॉसच्या शनिवार-रविवारी सस्पेन्शनमध्ये काय बदलावे आणि काय बदलू नये?

आपण विचारले आहे की, पुण्याजवळच्या दोन दिवसांच्या ऑटोक्रॉससाठी (मैदानावर आखलेल्या मार्गावर घड्याळ लावून गाडी चालवण्याची स्पर्धा) स्विफ्टला ३२ क्लिकचे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचे जोड; नॉबचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक, ज्याने शॉकॲब्सॉर्बर कडक किंवा मऊ होतो) बसवून घेतले आहेत, पण सरावात गाडी वळणात शिरताना नाक बाहेर टाकते, म्हणजे अंडरस्टीअर करते. तर दोन रनच्या (फेऱ्यांच्या) मधल्या वेळात नेमके काय फिरवावे? मीही अशीच पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेऊन काही वर्षे भाग घेत आलो आहे, आणि माझे उत्तर असे की शक्य तितके कमी फिरवावे, एका वेळी एकच गोष्ट फिरवावी आणि फिरवण्याआधी ती वहीत लिहावी.

हे मी एका दुपारी शिकलो. सकाळच्या रनमध्ये वेळ बरी लागली नव्हती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी मागचे क्लिक वाढवले, पुढची उंची कमी केली आणि हवाही बदलली. पुढच्या रनला गाडी डावीकडे सुरेख वळली आणि उजवीकडे वळताना मार्ग आखणाऱ्या प्लास्टिकच्या शंकूंच्या रांगेत सरळ शिरली. तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे दोष कुठे आहे हे कळायला उरलेली दुपार गेली. मागच्या डाव्या शॉकॲब्सॉर्बरचे ८ क्लिक मी पूर्ण कडक टोकापासून मोजले होते आणि उजव्याचे ८ पूर्ण मऊ टोकापासून. एकच नॉब असलेल्या बऱ्याच शॉकॲब्सॉर्बरमध्ये तो मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉकॲब्सॉर्बर परत लांबतानाचा विरोध, बदलतो, आणि वळणात रिबाउंडचे काम आतल्या बाजूच्या चाकापाशी चालते. त्यामुळे डावीकडे वळताना मागची बाजू कडक वागत होती आणि उजवीकडे वळताना ढिली. तेव्हापासून चारही नॉब आधी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करून तिथूनच मागे मोजतो.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. नाक बाहेर जाते ते वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, हे आधी ठरवावे, कारण तिन्हींचे औषध वेगळे आहे. शॉकॲब्सॉर्बरचा प्रभाव गाडी झुकत असतानाच्या क्षणापुरता असतो. एकदा ती झुकून स्थिरावली की भार कोणत्या चाकावर किती पडेल हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे झुकणे कमी करणारी दांडी) ठरवतात, आणि त्या भाराखाली टायर किती धरेल हे हवा आणि कॅम्बरवर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) अवलंबून असते. शिरतानाच नाक जात असेल तर मागचे क्लिक ४ ने कडक करून पाहावे; एक-दोन क्लिकचा फरक मला तरी मिनिटभराच्या रनमध्ये कधी कळलेला नाही. लांब वळणाच्या मध्यावर जात असेल तर क्लिकमागे धावू नये. डांबरी मैदान असल्यास मागची हवा ३ पीएसआयने वाढवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. बाहेर पडताना जात असेल तर, स्पष्टच सांगतो, बहुतेक वेळा दोष ॲक्सिलरेटरवरच्या पायाचा असतो. मागचे आतले चाक हवेत उचलले गेल्याचा फोटो कोणी दाखवला तर घाबरू नये. या जातीच्या गाडीत ते चालते. पुढचे आतले चाक हलके होऊन जागीच फिरू लागले तर मात्र पुढचा अँटी-रोल बार गरजेपेक्षा जाड आहे असे समजावे.

हवेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे नकळत सेटिंग बदलते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश हे नेहमीचेच आहे. टायरमधली हवा दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआयने चढते, म्हणजे सकाळी ३० वर ठेवलेला टायर दुपारी काहीही न करता ३२ च्या पुढे जातो. त्यातही गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी झाडाखाली असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे येतात. म्हणून रांगेत जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी, एकाच गेजने, चारही टायर तपासावेत. पेट्रोल पंपावरच्या गेजचा आणि आपल्या गेजचा आकडा जुळेलच असे नाही, त्यामुळे स्वतःचे गेज सोबत ठेवावे.

मैदान मुरमाचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सकाळी वर सुटा मुरूम असतो. गाड्या धावतील तसा तो वळणांच्या बाहेर फेकला जातो, खालचा कडक थर उघडा पडतो आणि चाकोऱ्या खोल होतात. मध्येच धूळ बसवायला टँकर फिरला की पुढच्या काही गाड्यांना साबणावरून गेल्यासारखे वाटते. अशा वेळी वेळ सुधारली किंवा बिघडली ती आपल्या बदलामुळे की जमिनीमुळे, हे ओळखायला आपल्या आगेमागे धावणाऱ्या त्याच गटातल्या दोन गाड्यांच्या वेळाही लिहाव्यात. सगळ्यांच्याच वेळा सेकंदाने घटल्या असतील तर आपल्या ४ क्लिकना श्रेय देण्यात अर्थ नाही. दुपारी चाकोऱ्यांत गाडी खाली आपटू लागली तर उंची थोडी वाढवावी आणि क्लिक मऊ करावेत. मुरमावर मऊ गाडीच जमिनीला धरून राहते.

कॅम्बर आणि टो (वरून पाहताना चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) मैदानावर सहसा छेडू नयेत. स्विफ्टच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटचा (चाक धरणारा, शॉकॲब्सॉर्बर असलेला खांब) कॅम्बर बदलला की टोही बदलतो, आणि उंची बदलली तरी थोडाफार हलतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा बीम) असल्यामुळे तिथे फिरवायला बोल्टच नाही. ही कामे आठवडाभर आधी अलाइनमेंटच्या दुकानात करून आकड्यांची चिठ्ठी जपावी. मैदानावर पुढच्या बाजूचे काही बदलावेच लागले तर गवंड्याची लाइनदोरी आणि स्टीलची पट्टी जवळ असावी. दोन्ही बाजूंना चाकांच्या उंचीवर समांतर दोरी ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले की टो मिलिमीटरमध्ये कळतो. शिवाय तपासणी झाल्यावर आपल्या गटात काय बदलता येते, हे स्क्रूटिनीअरना (गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधी विचारून घ्यावे.

शनिवारी रात्री वहीतले आकडे पाहून रविवारच्या पहिल्या रनसाठी गाडी मूळ सेटिंगवर आणावी आणि शनिवारी उपयोगी ठरलेला एकच बदल तीवर चढवावा. रविवारी संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतायचे असेल तर उंचीचे लॉक रिंग आणि चाकांचे नट पान्याने पुन्हा तपासून, मागचे क्लिक मऊ करून आणि हवा रस्त्याच्या आकड्यावर आणूनच निघावे.